एकवीस डॉलरची बिदागी

'रॉक अराउंड द क्लॉक' हे गाणं दोन मिनिटं आणि वर थोडे सेकंद एवढंच आहे. पाऊण मिनिट उलटलं की बिल हेली गायचा थांबतो आणि गिटार सुटते. पंधरा-सोळा सेकंदच. आधी चिमटे काढल्यासारखे तुटक सूर, मग एकाच सुराचा शिलाई मशीनसारखा मारा, आणि शेवटी वरून खाली एकही फ्रेट (गिटारच्या दांडीवरची आडवी पट्टी) न गाळता घरंगळत येणारी सुरावट. गिटार शिकत होतो तेव्हा या सोळा सेकंदांनी माझे सहा महिने खाल्ले. निम्म्या वेगात सगळं नीट यायचं, पुरा वेग धरला की उतारावर बोटं एकमेकांत अडकायची. हे वाजवलंय कोणी, हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही. फोटोंत हेलीच्या गळ्यात गिटार असते, म्हणजे त्यानेच वाजवलं असणार, असं धरून चाललो होतो.

वाजवलं होतं डॅनी सेड्रोनने. तो हेलीच्या 'कॉमेट्स' या बँडचा पगारी सभासदही नव्हता. त्याचा स्वतःचा वेगळा बँड होता आणि हेलीला गरज पडली की तो येऊन वाजवून जायचा. ध्वनिमुद्रणाच्या दिवसाचे त्याला एकवीस डॉलर मिळाले. दोन महिन्यांनी, १७ जून १९५४ला, तो जिन्यावरून पडून गेला. गाणं गाजलं ते त्याच्या पुढच्या वर्षी.

सेड्रोनला कोणी फसवलं असं मला म्हणायचं नाही. ठरलेली बिदागी ठरल्याप्रमाणे मिळाली, कोणी बुडवली नाही. मला खटकतं ते वेगळंच. ज्या खोलीत ही बिदागी ठरली त्या खोलीतल्या एकालाही हे गाणं काय किमतीचं आहे याचा पत्ता नव्हता. आणि तरीही त्या एका दुपारच्या भावाने एका माणसाचा हिशेब कायमचा मिटला, बाकीच्यांचा उघडा राहिला. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात ही पद्धत आजही सर्रास चालते. ती बदलायला हवी, आणि बदलणं वाटतं तितकं अवघड नाही, असं माझं मत आहे.

त्या खोलीत काय झालं ते आधी बघू.

तारीख १२ एप्रिल १९५४. जागा न्यूयॉर्कमधलं पिथियन टेंपल, एका बंधुमंडळाने आपल्या सभांसाठी बांधलेली भव्य इमारत. तिथल्या उंच छताच्या नाचघराचा डेक्का या रेकॉर्ड कंपनीने स्टुडिओ केला होता. हेली आणि मंडळी पेनसिल्व्हेनियातून निघाली, पण वाटेत नदी ओलांडताना त्यांची फेरीबोट वाळूत रुतून बसली. पोचायला उशीर झाला. स्टुडिओ तीन तासांचा घेतलेला, त्यातला बराच वेळ नदीतच गेला. निर्माता होता मिल्ट गेब्लर, मोठा जाणकार माणूस. बिली हॉलिडेचं 'स्ट्रेंज फ्रूट' दुसऱ्या कंपन्या हात लावायला तयार नव्हत्या तेव्हा १९३९ साली स्वतःच्या छोट्या कंपनीतर्फे त्याने ते काढलं होतं. कान पक्का आणि हिंमतही असलेला माणूस.

आणि या पक्क्या कानाच्या माणसाने त्या दिवशी मुख्य गाणं म्हणून काय निवडलं? 'थर्टीन विमेन'. हायड्रोजन बॉम्ब पडतो, गावात एक पुरुष आणि तेरा बायका उरतात, आणि त्या पुरुषाची चैन होते, अशी त्याची गोष्ट. रेकॉर्डची ए साइड ही, आणि उरलेला जवळपास सगळा वेळ हिच्यावर गेला. 'रॉक अराउंड द क्लॉक' बी साइडला, म्हणजे तबकडीची मागची बाजू कोरी राहू नये म्हणून. पुढच्या सेशनसाठी सॅमी डेव्हिस ज्युनियर बाहेर येऊन थांबला होता, असंही सांगतात. घाईघाईत दोन टेक झाले. पहिल्यात वाद्यांच्या दणक्यात हेलीचा आवाज बुडाला. दुसऱ्यात आवाज मुद्दाम वर घेतला. नंतर दोन्हींची सांगड घालून आज आपण ऐकतो ती प्रत तयार झाली.

नवा सोलो बसवायला वेळ कुठला? सेड्रोनने दोन वर्षांपूर्वी हेलीच्याच 'रॉक द जॉइंट' या गाण्यात वाजवलेला सोलो जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा वाजवला. (माझे सहा महिने ज्याच्यामागे गेले तो जुनाच माल होता हे कळलं तेव्हा जरा हिरमुसलो. मग वाटलं, इतक्या घाईत इतकं स्वच्छ वाजवायचं तर हातात मुरलेलंच वाजवावं लागतं.) ड्रमवरही बँडचा नेहमीचा डिक रिचर्ड्स नव्हता. बिली गसॅक या भाड्याने आणलेल्या वादकाने ते काम केलं. म्हणजे त्या गाण्यात कानाला चटकन लागतात त्या दोन गोष्टी, तो ठोका आणि तो सोलो, दोन्ही रोजंदारीवर आलेल्या माणसांच्या.

मे महिन्यात रेकॉर्ड बाजारात आली. थोडीफार खपली आणि विस्मरणात गेली. गोष्ट इथेच संपायची, पण हॉलिवूडमध्ये 'ब्लॅकबोर्ड जंगल' नावाचा सिनेमा बनत होता. वांड पोरांची शाळा आणि त्यात आलेला नवा मास्तर. मास्तरचं काम करणारा ग्लेन फोर्ड, आणि त्याच्या दहा वर्षांच्या मुलाला, पीटरला, असल्या धांगडधिंग्याच्या रेकॉर्ड जमवण्याचा नाद. पीटरनेच पुढे सांगितल्याप्रमाणे, दिग्दर्शक रिचर्ड ब्रूक्सने त्याच्या रेकॉर्ड ऐकायला नेल्या आणि त्यातून हे गाणं उचललं. मार्च १९५५मध्ये सिनेमा आला. अंधारात श्रेयनामावली सुरू होताच मोठ्या आवाजात हे गाणं, आणि थिएटरातली पोरं उठून नाचायला लागली. ९ जुलै १९५५ला ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि आठ आठवडे तिथून हललं नाही. वर्ष संपता संपता ब्रिटनमध्येही पहिलं आलं. १९७४ साली 'हॅपी डेज' या टीव्ही मालिकेमुळे पुन्हा एकदा यादीत चढलं, तेव्हा पहिल्या खेपेला नाचलेल्यांची पोरं नाचत होती.

गाणं तेच, तबकडी तीच. मधे बदललं ते एवढंच, की एका पोराच्या कपाटातली रेकॉर्ड योग्य माणसाच्या हाती गेली.

हिट गाण्यांच्या अशा कथा आपण 'नशीब बघा!' म्हणून चवीने सांगतो. कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' घ्या. निर्माता आपल्या बेंगळुरूहून लंडनला गेलेला बिद्दू. सगळा वेळ दुसऱ्याच गाण्यावर घालवला, आणि हे गाणं तासिका संपता संपता, शेवटच्या दहा मिनिटांत, बी साइडसाठी उरकलं. कंपनीतल्या माणसाने ऐकून 'हीच ए साइड करा' म्हटलं. १९७४मध्ये ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिलं आलं. मजेदार किस्सा आहेच. पण व्यवहाराच्या अंगाने पाहिलं तर त्याचा अर्थ असा की मुरलेल्या निर्मात्यांनाही आपल्या हातात काय आहे ते ध्वनिमुद्रणाच्या दिवशी कळत नाही. मग त्याच दिवशी, त्याच अज्ञानात, कायमचा भाव ठरवायचा आग्रह कशासाठी?

यावर ठरलेलं उत्तर येतं: जोखीम कंपनीची असते. दहा गाण्यांतली बरीचशी आपटतात, त्यांचा खर्च कंपनी सोसते. वादक मात्र गाणं आपटलं तरी बिदागी घेऊन घरी जातो. ज्याने बुडण्याची तयारी ठेवली त्याने तरंगण्याचा फायदा घ्यावा.

हे उत्तर पोकळ नाही. घरभाडं हिटमधून येणाऱ्या रॉयल्टीवर भरता येत नाही. वादकाला महिन्याला खात्रीची रक्कम लागते, आणि बिदागीची पद्धत ती देते. बिदागी काढून टाका आणि सगळ्यांना भागीदार करा असं म्हणणाऱ्यांनी कधी सेशन वाजवून पोट भरलेलं नसावं. पण या युक्तिवादात एक बारीक चलाखी आहे. बिदागी की वाटा, यातलं एकच काहीतरी निवडायचं, असं तो गृहीत धरतो. वाटा म्हणजे टक्केवारी, आणि शून्याची टक्केवारी शून्यच येते. गाणं आपटलं तर वादकाच्या दोन टक्क्यांनी कंपनीच्या खिशातून एक पैही जात नाही. जाते ती गाणं पिकल्यावर, आणि तीही पिकलेल्यातून. जोखमीचा आणि या वाट्याचा काही संबंधच नाही. श्रमाची बिदागी त्या दिवशी द्या, आणि त्या श्रमाला पुढे जे फळ येईल त्यातला लहानसा वाटा चालू ठेवा. दोन वेगळ्या गोष्टींचे दोन वेगळे हिशेब.

शिवाय जोखीम फक्त पैशाची नसते. सेड्रोनने दुसऱ्याच्या नावाच्या रेकॉर्डवर आपली सर्वांत चांगली चीज वाजवली. ती पुन्हा स्वतःच्या नावाने वाजवली असती तर लोकांनी त्यालाच नकलाकार म्हटलं असतं.

बँडच्या आतल्यांचंही फार बरं चाललं होतं असं नाही. गाणं जगभर वाजत असताना १९५५च्या उन्हाळ्यात कॉमेट्समधल्या तिघांनी, जोई डॅम्ब्रोसिओ, डिक रिचर्ड्स आणि मार्शल लिटलने, पगारवाढ मागितली. नाकारली गेली. तिघे बाहेर पडले आणि आपल्याच नावांची आद्याक्षरं जुळवून 'जोडिमार्स' नावाचा बँड काढला. तो काही चालला नाही. हेलीच्या बाजूनेही बोलता येईल. बँड चालवणं खर्चिक असतं. पण ज्या वर्षी तुमच्या बँडचं गाणं अख्खं जग ऐकतंय त्या वर्षी तुम्हाला वाढ मागावी लागते, आणि ती मिळत नाही, यावरून पगार आणि वाटा यांतलं अंतर दिसतं.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही मला तितकंसं पटत नाही, म्हणून तेही मांडतो. 'प्रोकॉल हॅरम' या ब्रिटिश बँडचं १९६७चं 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' सुरू होतं ते मॅथ्यू फिशरच्या ऑर्गनने. ती सुरावट काढली तर गाणं ओळखूही येणार नाही. गीतकार-संगीतकार म्हणून नावं मात्र कीथ रीड आणि गॅरी ब्रुकर यांचीच. फिशर २००५ साली, म्हणजे अडतीस वर्षांनी, कोर्टात गेला. खालच्या कोर्टाने संगीतात त्याचा ४० टक्के वाटा मान्य केला, अपील कोर्टाने उशिराचं कारण देऊन पैसे काढून घेतले, आणि जुलै २००९मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधल्या सर्वोच्च अपील कोर्टाने, पुन्हा त्याच्या बाजूने निकाल दिला. न्याय झाला, मान्य. पण हा रस्ता रुळला तर स्टुडिओत वाजवलेल्या प्रत्येक सुराचं 'मी रचलं की नुसतं वाजवलं?' असं शवविच्छेदन करत बसावं लागेल. मूळ चाल सुचणाऱ्याला रास्त भीती वाटेल की दरवाजा उघडला की खोलीतला जो तो कर्ता होऊन बसेल. त्या भीतीने निर्माते वादकांना म्हणतील, बाबांनो, काही सुचवू नका, लिहिलंय तेवढंच वाजवा. त्यात गाण्याचंच मरण आहे.

क्लेअर टोरीचं प्रकरण मात्र या दोन्हींच्या मधलं, आणि म्हणून जास्त विचार करायला लावणारं. जानेवारी १९७३, लंडनचा अ‍ॅबी रोड स्टुडिओ, रविवार. 'पिंक फ्लॉइड' या बँडच्या 'द ग्रेट गिग इन द स्काय' या रचनेत पियानोवर काहीतरी हवं होतं, काय ते त्यांनाही नेमकं माहीत नव्हतं. टोरी तेव्हा सेशन गायिका होती. दुसऱ्यांच्या गाजलेल्या गाण्यांच्या स्वस्त प्रती निघायच्या त्यात गायची. बोलावलं गेलं, आली. शब्द नाहीत म्हणाले. तिने 'बेबी, बेबी' असं काहीतरी सुरू केलं, तर तेही नको म्हणाले. मग तिने ठरवलं, आपण गायिका नाहीच, आपण एक वाद्य आहोत. डोळ्यांसमोर काही न ठेवता दोन-तीन टेक दिले: किंकाळी, हुंदका, कुजबुज. संपल्यावर समोरच्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आपलं काही जमलं नाही, हे काही वापरणार नाहीत, असं समजून ती निघाली. रविवारच्या दुप्पट दराने तीस पौंड मिळाले. पुढे दुकानात अल्बम दिसला, आतमध्ये आपलं नाव दिसलं, तेव्हा तिला कळलं की वापरलंय.

तो अल्बम, 'द डार्क साइड ऑफ द मून', जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक झाला. त्या रचनेवर संगीतकार म्हणून एकट्या रिचर्ड राइटचं नाव होतं. टोरी २००४मध्ये कोर्टात गेली, २००५मध्ये बाहेरच तडजोड झाली, आणि तेव्हापासून राइटबरोबर तिचंही नाव लागतं. तिने जे गायलं ते लिहून दिलेलं नव्हतं, तेव्हा तिला कर्तेपण मिळालं हे योग्यच. पण त्यासाठी एकतीस वर्षं, वकील आणि वाद घालायची उमेद लागली. आणि रचना इतकी गाजलेली होती म्हणून वकीलही मिळाला. मध्यम चाललेल्या हजारो गाण्यांत असंच काही देऊन गेलेल्यांनी काय करायचं?

म्हणून मला कर्तेपणाच्या भांडणापेक्षा नियमाने मिळणारा छोटा वाटा जास्त भरवशाचा वाटतो. कोणी काय सुचवलं हे सिद्ध करायचं नाही. वाजवलंत? नोंद आहे? मग वाटा.

ही कल्पना माझी नाही, आणि हवेतलीही नाही. अमेरिकेत १९९५च्या कायद्याने डिजिटल रेडिओवर वाजणाऱ्या ध्वनिमुद्रणाचे पैसे वाटायची पद्धत घालून दिली: अर्धे ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, आणि ५ टक्के मागे वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांच्या निधीला. पाच टक्के ही काही मोठी रक्कम नव्हे, पण तत्त्व बघा. यात सेशन वादकाला कोणाच्या दारात जावं लागत नाही. पण त्याच देशात साध्या, हवेतून ऐकू येणाऱ्या रेडिओवर गाणं वाजलं तर गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला आजही छदाम मिळत नाही. 'रिस्पेक्ट' हे गाणं ओटिस रेडिंगने लिहिलं, अरीथा फ्रँकलिनने १९६७मध्ये त्याला आपलंसं केलं, आणि अमेरिकन रेडिओने ते अर्धशतक वाजवलं. त्या वाजण्याचे पैसे गेले ते रेडिंगच्या बाजूला. 'रॉक अराउंड द क्लॉक'चंही तेच. त्याचे नोंदलेले कर्ते मॅक्स फ्रीडमन आणि जिमी डीनाइट. रेडिओचा पैसा त्या बाजूला. सेड्रोन राहू द्या, हेलीलासुद्धा त्यातलं काही नाही.

रेडिओवाल्यांचं म्हणणं, आम्ही तुमची फुकट जाहिरात करतो. रेकॉर्डी विकल्या जायच्या तेव्हा त्यात तथ्य होतं. आता रेडिओवर गाणं ऐकून तबकडी विकत घ्यायला कोण जातं?

युरोपने २०११मध्ये वेगळं पाऊल टाकलं. ध्वनिमुद्रणाचं संरक्षण ५० वर्षांवरून ७० वर्षांवर नेलं, आणि वाढलेल्या वीस वर्षांसाठी अट घातली: या काळात कंपनीला विक्रीतून जे उत्पन्न होईल त्यातले २० टक्के एकरकमी बिदागी घेऊन गेलेल्या वादक-गायकांसाठी दरवर्षी बाजूला काढायचे. एका वाक्यात कायद्याने मान्य केलं की बिदागीने हिशेब मिटत नाही. पण वाटा सुरू कधी होणार? पन्नास वर्षं झाल्यावर. पंचविशीत वाजवलेल्याचं फळ पंच्याहत्तरीत. हे वरातीमागून घोडं आहे, आणि बऱ्याच वेळा घोड्यावर बसायला कोणी उरलेलंच नसतं. जो नियम एक्कावन्नाव्या वर्षी न्याय्य ठरतो तो पहिल्या वर्षी अन्याय्य कसा, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. टक्का कमी करा हवं तर. वीसऐवजी पाच करा, तीन करा. पण सुरुवात पहिल्या दिवसापासून.

खरी अडचण आहे ती नोंदीची. वाटा द्यायचा तर कोणी वाजवलं हे लिहिलेलं हवं. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत एका घरातल्या स्टुडिओत 'फंक ब्रदर्स' म्हणून ओळखले जाणारे वादक साठच्या दशकात एकामागून एक हिट वाजवत राहिले, आणि कव्हरवर त्यांची नावं पहिल्यांदा छापली गेली ती १९७१मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. आज तर फोनवर गाणं लागतं तेव्हा दिसतं ते गायकाचं नाव आणि चौकोनी चित्र. बास गिटार कोणी वाजवली हे शोधायला चार ठिकाणी जावं लागतं, आणि तरी मिळेलच असं नाही. एखाद्या गाण्यावर कुठल्या शहरात कितीदा बोट दाबलं गेलं हे ज्यांना सेकंदागणिक कळतं, त्यांना सात वादकांची नावं जपून ठेवता येत नाहीत, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे. नोंद नाही म्हणून वाटा नाही, आणि वाटा द्यायचा नाही म्हणून नोंद नाही, असं ते चक्र आहे. नोंद सक्तीची केली की अर्धं काम होतं.

युरोपच्या त्या निधीत सेड्रोनच्या वारसांना काय मिळालं, हे पाहायला मी एकदा बसलो होतो. नवा नियम १ नोव्हेंबर २०१३ रोजी ज्यांचं संरक्षण चालू होतं अशा ध्वनिमुद्रणांना लागू झाला. 'रॉक अराउंड द क्लॉक' १९५४चं. पन्नास वर्षं भरली, आणि २००४च्या ३१ डिसेंबरला तिथलं त्याचं संरक्षण संपलं. तेव्हापासून तिकडे ते कोणीही छापावं, कोणीही विकावं.